चार सीटचं विमान, पाच माणसं अन सोमवारची घाई

भाऊ, तुमचा प्रश्न रात्रीच वाचला होता पण आमच्याकडे लाईन गेली, म्हणून आत्ता लिहून राहिलो. म्हणजे असं की जुलैत तुम्ही दोघं अमेरिकेत डॅलसला लेकीकडे चालले, जवाईबापूंनी तिकडे हौसेनं पायलटचं लायसन काढलं, आता ते चार सीटचं सेसना १७२ भाड्यानं घेऊन शनिवारी सगळ्यांना गॅल्व्हेस्टनला समुद्रावर नेतो म्हणतात, रविवारी संध्याकाळी परत. वहिनी म्हणतात मी त्या खेळण्यात बसत नाही, अन तुम्हाला जवायाला नाही म्हणता येऊन नाही राहिलं. बरोबर ना?

बसा. पण नात धरून पाचही जण बसू नका.

मी पायलट नाही हे आधीच सांगतो. आमच्या इकडच्या एका फ्लाइंग क्लबात २२ वर्षं मेकॅनिक म्हणून पाने फिरवले, याच सेसनाचं इंजिन किती वेळा उघडलं त्याचा हिशोब नाही, आता काटोलकडे संत्र्याची बाग पाहतो. पण टेस्ट फ्लाइटला अन ओळखीच्या मालकांसोबत बाजूच्या सीटवर पुष्कळ बसलो. एकदा सकाळी गोंदियाकडे जाताना भंडाऱ्यावरून गेलो, खाली ते मामा (माजी मालगुजारी) तलाव असे दिसले की कोणी लग्नघरची ताटं घासून उन्हात मांडून ठेवली. ते मोठ्या विमानातून दिसत नाही बाप्पा, त्यासाठी बसाच.

आता वजन. नवीन मॉडेलचं १७२ जास्तीत जास्त ११५७ किलो वजनाने उडू शकते, त्याचं स्वतःचं वजन साधारण ७७० धरा, म्हणजे पेट्रोल, माणसं, बॅगा सगळं मिळून राहिले ३८५ च्या आसपास. टाकी फुल्ल केली तर पेट्रोलच १४० किलोच्या वर जाते अन माणसांना राहिले २४०. तुम्ही चार मोठे लोक ३०० च्या आत येणार नाही (वहिनींचं वजन मी विचारून नाही राहिलो), त्यात दीड वर्षाची नात अन तिचं सामान. मग जवाई म्हणतील टाकी अर्धीच भरू. अर्धी म्हणजे १०० लिटर, ७२ किलो. आता ३१३ उरले, कागदावर बसलं. पण डॅलस ते गॅल्व्हेस्टन हवेतून सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर आहे, दोन-सव्वादोन तास, तासाला ३३-३४ लिटर जाते, म्हणजे पोचेपर्यंत पाऊण तासाचं पेट्रोल शिल्लक. तिकडचा नियम दिवसा अर्ध्या तासाचं शिल्लक ठेवायचा आहे, म्हणजे नियमातही बसते. अन समोरून वारा लागला, किंवा ढग आडवा आला अन वळसा घ्यावा लागला तर? नियमात बसणं अन निवांत बसणं यात फरक आहे.

आमच्याकडे एक मालक होते, ते फॅमिलीला न्यायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना अडत्याच्या दुकानात नेऊन काट्यावर उभे करायचे. तोंडी सांगितलेलं वजन मानत नसत. त्यांच्या काकू एकदा काट्यावर चढायला तयारच नाही, आजूबाजूला हमाल बसलेले, शेवटी काकूंनी तुरीच्या दोन पोत्यांसोबत वजन केलं अन पोत्यांचं नंतर वजा केलं. हसू नका, त्या हिशोबावरून त्यांनी विमानातून एक बॅग अन गव्हाचा कट्टा खाली काढला होता.

दुसरी गोष्ट ऊन. तापलेली हवा पातळ होते, मग पंखही कमी उचलतात, इंजिनही दमते अन समोरच्या पंख्यालाही (प्रोपेलर) पकड मिळत नाही. डॅलसला जुलैत दुपारी ३९-४० होते. गाव समुद्रसपाटीपासून दोनेकशे मीटरच, पण त्या उन्हात विमानाला वाटते आपण अकराशे मीटरवरून, म्हणजे आपल्या चिखलदऱ्यावरून उडून राहिलो. धावपट्टी जास्त लागते, वर चढायला वेळ लागतो. म्हणून निघायचं ते सकाळी, चहा झाला की. दुपारी आपल्या वावरात भोवरा उठतो ना पाचोळा घेऊन, तशीच गरम हवा तिकडेही वर जात असते अन हे एवढंसं विमान त्यात एसटीसारखं हादरते. काही मोडत नाही, पोट ढवळते फक्त. आलेपाक ठेवा सोबत, रिकाम्या पोटी बसू नका अन तेलकटही खाऊ नका. संडास-बाथरूम आत नाही, हे वहिनींना आधीच सांगा.

नातीचं म्हणाल तर तिकडे दोन वर्षांच्या आतलं लेकरू मांडीवर चालते. मला ते पटत नाही, झटका बसला तर मोठ्या माणसाच्या हातात ११ किलोचं लेकरू राहत नाही. तिला तिच्या कारसीटमध्ये, वेगळ्या सीटवर बांधा. म्हणजे जवाई, नात, लेक अन एक जण. उरलेला कारनं. वाटून घ्या, जाताना तुम्ही विमानात, येताना वहिनी, तोवर तुमचे अनुभव ऐकून त्यांची भीती गेली असेल किंवा पक्की झाली असेल. कार दुसरं कोणी चालवणारं मिळते का तेवढं पाहा.

अन ती कार मी फक्त वजनासाठी सांगून नाही राहिलो. शनिवारी जाणं सोपं असते, घोळ रविवारी होतो. समुद्राकडे उन्हाळ्यात सकाळी ढग खाली बसलेले असतात अन दुपारून गडगडाट सुरू होतो, अन इकडे जवाईबापूंना सोमवारी ऑफिस, विमान भाड्याचं, सोमवारी दुसऱ्या कोणाचं बुकिंग, मागे सासरा घड्याळ पाहून राहिला. कोणी काही बोललं नाही तरी पायलटच्या डोक्यात ते चालू असते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते त्या केनेडींचा मुलगा, जॉन केनेडी ज्युनियर, १९९९ च्या जुलैत शुक्रवारी बायको अन मेव्हणीला घेऊन नातलगांच्या लग्नाला निघाले, निघता निघता अंधार पडला, समुद्रावर धुरकट हवा, खालीवर समजलं नाही अन तिघंही गेले. त्यांना नुसत्या यंत्रांकडे पाहून उडवायचं लायसन नव्हतं. जवाईबापूंकडे ते आहे का हे विचारा. नसलं तर ढगात जायचं नाही अन रात्री समुद्राकाठी उडायचं नाही, विषय संपला.

तेच काट्यावाले मालक, एकदा हस्ताचा पाऊस चालू होता, आम्ही एका सरकारी धावपट्टीवर अडकलो. पोरांची सोमवारी परीक्षा, त्यांच्या घरच्या वहिनी सारख्या म्हणतात थोडं उघडलं की निघू. त्यांनी दोनदा आभाळाकडे पाहिलं, गावातून ट्रॅक्स बोलावली अन सगळ्यांना रोडनं पाठवून दिलं. मग आम्ही दोघांनी एका शेतकऱ्याकडून बैलांचे कासरे आणले, पंख खुंट्यांना बांधले अन चौकीदाराच्या खोलीत झोपलो, खाट एकच होती, ती त्यांना दिली. सकाळी उठून पाहतो तर लख्ख आभाळ अन धावपट्टीवर म्हशी. त्या हाकलल्या अन निघालो, तासाभरात घरी. पोरं रात्री दोनला पोचली होती म्हणे, चिखलात रुतून.

म्हणून भाऊ, निघायच्या आधीच जवायाला स्वतःहून सांगा की बापू, रविवारी जमलं नाही तर सोमवारी येऊ, नाहीतर कारनं येऊ, आम्हाला काही वाटणार नाही. सासऱ्याच्या तोंडून आलं तर त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरते. अन मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग केले का ते विचारा, सोबत माणसं न्यायची तर तिकडे ते लागतेच. पण मी म्हणतो त्यापेक्षा बरेच जास्त असावेत, अन त्यातले काही भरल्या विमानात.

भाड्याचे पैसे तुम्ही सगळे देतो म्हणू नका, तिकडच्या नियमानं पायलटला स्वतःचा वाटा भरावाच लागतो. तसेही जवाई घेणार नाहीत, पण म्हणून ठेवलं.

आणखी, पंखा बंद असला तरी हात लावायचा नाही, फोटोसाठी तर नाहीच. उडताना अन उतरताना गप्प बसायचं. मोठी सुटकेस नाही, कापडी पिशवी. नातीला वर चढताना अन उतरताना काहीतरी प्यायला द्या, कान दुखत नाहीत. अन वहिनी लेकीसाठी लोणच्याची बरणी नेणार हे मी न विचारता सांगतो, ती कारनं पाठवा, वर हवेचा दाब कमी झाला की झाकणातून तेल येते अन भाड्याच्या विमानाच्या सीटवरचा तो डाग मी स्वतः घासला आहे.