गंडा: गळ्यातला आणि मनातला

दारव्ह्याच्या एका शिक्षकांनी विचारलंय, 'कल्ट'ला मराठीत 'पंथ' म्हणावं का?

अजिबात नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तिथल्या महानुभाव पंथाच्या लोकांना आणि माणसं अडकवून ठेवणाऱ्या टोळीला एकच शब्द लावायचा? बातम्यांमध्ये हे सर्रास चालतं आणि दरवेळी संताप होतो. पंथ म्हणजे वाट. वाट सोडताही येते. कल्टमध्ये सोयरे, मित्र, पैसा सगळं आतच गुंतलेलं असतं, म्हणून पाय निघत नाही. 'बुवाबाजी' बुवापुरतं बरं, त्याच्याभोवतीच्या गोतावळ्याबद्दल तो शब्द काही सांगत नाही.

कल्टमध्ये माणूस कसा अडकतो ते कळायला खेड्यापाड्यात रुळलेला शब्द बघा: गंडा. मंतरून गाठी मारलेला दोरा. संस्कृत 'गंड' म्हणजे गाठ, फुगवटा; मानेला गाठी येतात ती गंडमाळ. आणि गंमत म्हणजे 'कॉम्प्लेक्स'साठी न्यूनगंड, अहंगंड हे शब्द घडले तेव्हा मानसशास्त्रानं हाच गंड उचलला. गळ्यातली गाठ आणि मनातली गाठ एकाच घरची!

काही जण 'गंडा घालणे' चार कवड्यांच्या गंड्याला जोडतात: मोजताना चार कवड्या मारल्या, म्हणून फसवणूक. हे मुळीच पटण्यासारखं नाही. मोजायचा गंडा कोणी कोणाला घालत नाही. घालतात ती माळ, घालतात तो दोरा. क्रियापदाकडे न बघता व्युत्पत्ती सांगायची खोड सोडली पाहिजे. माझ्या मते फसवणुकीचा अर्थ दोऱ्यातूनच आला.

कारण फसवणुकीची सगळी रीत त्या दोऱ्यात आहे. आधी सव्वा रुपया आणि नारळ, म्हणजे नाही म्हणण्यासारखं काहीच नाही. मग पाच गुरुवारची वारी. मग पथ्य: अमक्याच्या हातचं खायचं नाही, आणि यातलं घरी बोलायचं नाही. ही शेवटची अट सगळ्यात घातक, कारण शहाणपणाचं सांगणारं माणूसच तिनं तुटतं. गुण आला तर दोऱ्याचा, नाही आला तर पथ्य मोडलं. चूक कायम बांधून घेणाऱ्याची. छोट्या होकाराचं बळ 1966 मध्ये फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात दाखवलं. 'गाडी जपून चालवा' अशी तीन इंची पाटी लावू दिलेल्यांपैकी 76 टक्के लोक पुढे अंगणात भलीमोठी, बेढब पाटी लावायलाही तयार झाले. थेट मोठीच पाटी मागितली तेव्हा 17 टक्केसुद्धा नाही. गाडगेबाबांनी गंडेदोरे झोडपले आणि शिष्यही केला नाही. या दोन गोष्टी जोडूनच बघायला हव्यात.

म्हणून खात्यातून परस्पर पैसे उडवले तर 'गंडा घातला' लिहू नका. ती चोरी. गंड्यासाठी माणसानं मान स्वतःहून पुढे करावी लागते. गोड बोलून ओटीपी काढून घेतला, तर खुशाल लिहा.