शिल्लक : निरंक

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

प्राणिसंग्रहालयातल्या तुझ्या नोकरीबद्दलचा मेसेज रात्री साडेअकराला वाचला. बिबट्याच्या मादीच्या घमेल्याचा फोटो सकाळी उजेडात पुन्हा पाहिला. एवढं सगळं मोबाईलवर टाइप करायला माझी बोटं चालत नाहीत, म्हणून वहीच्या कागदावर लिहितोय. नातू फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर संध्याकाळी सातनंतर फोन कर.

आधी फोटोचं बोलतो, कारण मेसेजात चार परिच्छेद तुझे आहेत आणि बिबट्याच्या मादीची एकच ओळ. घमेल्यात बरगडीचे तुकडे उरलेत. मांस जिभेने खरवडून काढलंय, हाड पांढरं लख्ख. पण टोकं पाहिलीस का? शाबूत आहेत! बिबट्याला बरगडी म्हणजे पापड. टोकं चावून चावून दातवणाच्या काडीसारखी झालेली दिसायला हवी होती. मांस चाटून घेतेय, हाड फोडत नाहीये. म्हणजे भूक आहे, तोंड दुखतंय. दाढ किडली असेल, हिरडीत कपची रुतली असेल. ते डॉक्टर बघतील. स्क्वीझ केजमध्ये, म्हणजे जनावराला दाबून जागेवर धरणाऱ्या पिंजऱ्यात घ्यायची की भूल द्यायची, ते त्यांनी ठरवायचं. तू पुढच्या खाण्याच्या वेळी एवढंच कर, मान कलती करून एकाच बाजूने चावते का ते बघ. लाळ गळते का बघ. आणि पाणी पिताना मध्येच थांबते का तेही.

साडेतीन किलो दिलं, नऊशे ग्रॅम उरलं, सलग तीन दिवस. हे तू लिहून ठेवलंस म्हणून मला इथे ओट्यावर बसून एवढं कळलं. आणि साहेब तुला सांगतात, रजिस्टरात ‘शिल्लक : निरंक’ लिही, म्हणजे काहीच उरलं नाही.

नाही लिहायचं. उरलेलं मोजायचं, लिहायचं.

ते तसं का सांगतात हेही मला ठाऊक आहे, त्यात राक्षस कोणी नाही. शिल्लक दिसली की ऑडिटवाला विचारतो, उरतं तर इतकं विकत का घेता? मग खुलासा, मग फाईल, मग म्हशीच्या मांसाच्या ठेकेदाराचं बिल अडकतं. निरंक लिहिलं की सगळ्यांची जेवणं वेळेवर होतात, प्राण्याचं सोडून.

मीही लिहिलंय निरंक. हे मी फार जणांना सांगितलेलं नाही. १९९४ चा पावसाळा. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, तेव्हापासून आमच्या बागेतही कागदपत्रं वाढली होती. आहाराचं रजिस्टर माझ्याकडे. चितळांच्या कळपात एक मादी होती, डावा कान फाटलेला, आम्ही तिला कानफाटीच म्हणायचो. मी संध्याकाळी गव्हाणीत लसूणघास आणि आंबोण टाकायचो, सकाळी गव्हाण चाटूनपुसून स्वच्छ. ‘सर्व खाल्ले. शिल्लक निरंक.’ अकरा दिवस हेच लिहिलं, खाली सही माझी. बाराव्या दिवशी ती कुंपणाशी पडलेली सापडली. शवविच्छेदनात पोटातून प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गोळा निघाला, नारळाएवढा, पिळून गाठ मारल्यासारखा. लोक शेंगदाण्याची पिशवी आत टाकतात, खारट वासाला हरणं ती पिशवीसकट गिळतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८ जे कलमात प्राण्यांना खायला घालायलाही बंदी आहे, पण तेव्हा आमच्याकडे पाटी होती आणि पाटीखाली शेंगदाणेवाला बसायचा.

गव्हाण रिकामी होत होती ते खरंच होतं. तिचा वाटा बाकीच्या सात जणी खात होत्या. ती गव्हाणीशी येऊन उभी राहायची, तोंड खाली घालायची, हलवायची नाही. हरणाची जात दुखणं दाखवत नाही, दाखवलं तर रानात पहिला नंबर तिचाच. मी रोज पंधरा पावलांवरून तिला ‘पाहत’ होतो. रजिस्टर खोटं नव्हतं, पोरी, तरीही खोटंच होतं.

तेव्हापासून माझा हा एकच हट्ट. उरलेलं मोजायचं, आणि कोणी उरवलं ते बघायचं. कळपात एकच गव्हाण ठेवली की ती दोन दांडग्यांची होते. म्हणून तीन ठेवायच्या, लांब लांब, आणि टाकून लगेच निघायचं नाही. पंधरा मिनिटं थांबायचं. माकडांचं ताट रिकामं दिसलं तर फसायचं नाही, माल गालफडात असतो. साळिंदर हाड ओढून गवताखाली नेतं, तिथे हात घालून बघावं लागतं (साळिंदर बाहेर असताना, हे वेगळं सांगायला नको).

आता तुझे चार परिच्छेद. बीएस्सी झूलॉजी करून खराटा हातात आला, घरचे म्हणतात एमपीएससीचा फॉर्म भर, मैत्रीण म्हणते पिंजऱ्यात प्राणी ठेवणंच चूक, त्यात तू भागीदार. मैत्रिणीशी वाद घालू नकोस, तिचं बरंचसं खरं आहे. पण ही मादी उसाच्या फडात सापडली तेव्हा दोन महिन्यांची होती, आई परत आली नाही, बाटलीवर वाढली. तिला आज जुन्नरच्या डोंगरात सोडली तर चौथ्या दिवशी कुणाच्या तरी अंगणात माणसाजवळ येऊन बसेल आणि काठ्या खाईल. ती पिंजऱ्यातच राहणार. प्रश्न एवढाच उरतो की तिची दाढ दुखतेय हे कुणाला कळणार. एमपीएससीचं तुझं तू ठरव, त्यात मला काही कळत नाही. पण ‘नुसतं झाडणं आणि मोजणं’ असं जे लिहिलंस, तो ‘नुसतं’ शब्द वाचून मला राग आला. काय करायचं होतं तुला, सिंहाच्या तोंडात मान घालायची होती? टाकलेलं कोणीही सांगेल, ते ठेकेदाराच्या बिलावर छापलेलं असतं. जनावर काय म्हणालं ते उरलेल्यात असतं. आणि ते वाचणारं माणूस बागेत एक असतं, कधी तेही नसतं.

उरलेलं मोजलं म्हणून माझंही सगळं चांगलं झालं असं समजू नकोस. कानफाटीनंतर मी शिल्लक खरी लिहायला लागलो. तिसऱ्या वर्षी ऑडिटमध्ये आक्षेप आला, ‘आहार जादा’. उन्हाळ्याचे आकडे धरून बिबट्यांचा अर्धा किलो कमी केला. मे महिन्यात ही जात तशीही कमी खाते, तेव्हा उरतंच. पण कपात थंडीत लागू झाली. सगळा हिवाळा जनावरं घमेलं चाटत बसली, ती माझ्या खरेपणामुळे. सहकारी तोंडावर म्हणाले, घ्या, लिहा आता. याचं उत्तर माझ्याकडे आजही नीट नाही. तेव्हा मी शिल्लक लिहीत होतो, शेजारी कारण लिहीत नव्हतो, ही माझी चूक एवढं मी मान्य करतो. तू शेऱ्याच्या रकान्यात कारण लिही. ‘उष्मा.’ ‘मादी माजावर.’ ‘मांसाला वास, परत पाठवले.’ ‘हाड फोडत नाही, दंततपासणी आवश्यक.’ नुसता आकडा साहेबाच्या हातात दिला की तो त्याचा होतो.

मी मुख्य कीपर कधी झालो नाही. माझ्यानंतर आलेले दोघे झाले. लोक म्हणतात वाकड्या स्वभावामुळे, असेल. बायको म्हणते, तुम्ही घरी येऊनसुद्धा पातेल्यांची झाकणं उचलून बघता, भाकरी कोणी टाकली विचारता. पोरं ताटावर तुम्हाला घाबरायची. हे मात्र तिने निवृत्तीनंतर सांगितलं, आधी सांगायला हवं होतं. माझ्याकडे सतरा वह्या आहेत, माझ्या खर्चाने घेतलेल्या, १९९४ ते २०२० पर्यंतच्या. बागेतल्या कुठल्या प्राण्याने कुठल्या दिवशी काय उरवलं, सगळं आहे. अजून कोणी मागितल्या नाहीत. मागायला हव्या होत्या असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

बरं, कामाचं. तुमच्याकडे आठवड्यातून एक दिवस बाग बंद आणि मांसाहाऱ्यांना उपास, बरोबर? मग उपासाच्या दुसऱ्या दिवशीची शिल्लक सगळ्यात खरी. एरवी पोट भरलेलं असेल, ऊन असेल, बाहेर लग्नाची वरात वाजली असेल, शंभर कारणं. उपासानंतर जनावराने मांस सोडलं की त्या दिवशी जेवायला जाऊ नकोस, आधी डॉक्टरांना फोन. आणि दात दुखतात म्हणून कोणी ‘हाड बंद करा, नुसतं बिनहाडाचं मांस द्या’ म्हणालं तर दोन-चार दिवसांपुरतं ठीक. पुढे कॅल्शियम कुठून येणार ते विचार. नुसत्या मांसावर वाढवलेल्या बछड्यांचे पाय धनुष्यासारखे वाकलेले मी पाहिलेत.

रजिस्टर पेनने लिही. पेन्सिलने लिहिलेलं तुझ्या माघारी निरंक होतं. साहेबांनी खाडाखोड करायला लावलीच, तर जुना आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मार, शेजारी तारीख आणि सही. भांडू नकोस. मी भांडायचो, त्याने आकडे सुधारले नाहीत, फक्त माझी बदली स्टोअरला झाली, आठ महिने. त्या आठ महिन्यांत काय उरलं ते सतरा वह्यांत कुठेच नाही.

परवा उपासानंतरचा दिवस येतोय. सकाळी घमेलं धुण्याआधी वजन कर. हाडांचा फोटो जवळून काढ, टोकं दिसली पाहिजेत, मागच्या वेळी तुझ्या अंगठ्याने अर्धं झाकलं होतं. आकडा मला कळव.

तुझा,
काका

ता. क. काट्याच्या ताटलीखाली मुंग्या बसतात आणि तो वीस-तीस ग्रॅम चुकीचा दाखवतो. रोज उलटा करून झटक. अजगर महिनाभर खात नाहीये म्हणून जे घाबरून लिहिलंस, ते सोड. थंडी आहे, कात कधी टाकली तेवढं लिहून ठेव.