जुनी हार्ड डिस्क दुकानदाराची होत नाही

प्रश्न : लॅपटॉप फार मंद चालायचा, म्हणून हार्ड डिस्क काढून तिच्या जागी जास्त वेगवान एसएसडी बसवून घेतली. पावतीवर ‘एसएसडी बसवणे, डेटा ट्रान्सफरसह’ असं लिहिलं आहे. पैसे दिले, घरी येऊन पाहिलं तर डी ड्राइव्हमधलं काहीच आलेलं नाही. त्यात माझ्या शिकवण्यांच्या नोंदी आणि घरचे सगळे फोटो होते. जुनी डिस्क मागितली तर ‘ती आमच्याकडेच राहते’ असं उत्तर मिळालं. पावतीच्या तळाशी ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ असंही छापलं आहे. काय करू?

उत्तर : भरपाईचं नंतर पाहू. आधी ती डिस्क तुमच्या हातात यायला हवी आणि घाई तिथेच आहे. हार्ड डिस्कवरची फाइल डिलीट झाली किंवा क्विक फॉरमॅट झालं, तरी त्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत मूळ डेटा बहुधा परत मिळवता येतो. तीच डिस्क दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपमध्ये बसली की ती आशा रोज कमी होत जाते. तुम्ही लिहिलंय त्यावरून, पूर्ण क्लोन, म्हणजे सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत, न करता फक्त सी ड्राइव्हवरची फोल्डरं कॉपी झालेली दिसतात. तसं असेल तर तुमचा डी ड्राइव्ह कदाचित अजून जसाच्या तसा असेल.

डिस्क तुमचीच आहे, याबद्दल मनात शंका ठेवू नका. भारतीय करार अधिनियम, 1872 प्रमाणे ठरावीक कामासाठी वस्तू सोपवणं हा निक्षेप होतो (कलम 148). काम संपलं की वस्तू मागणीची वाट न पाहता परत द्यायची असते (कलम 160). मजुरी थकली असती तर दुकानदाराला वस्तू अडवून धरता आली असती, पण तुम्ही पैसे चुकते केलेत. जुनी डिस्क बदल्यात देण्याचं ठरलं नसेल आणि पावतीवर तशी वजावट नसेल, तर ‘आमच्याकडेच राहते’ या म्हणण्याला आधार नाही.

आजच लेखी मागणी पाठवा, व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हींवर. डिस्क सात दिवसांत परत द्या, तोवर तिच्यावर काहीही लिहू नका, फॉरमॅट करू नका, विकू नका, एवढं स्पष्ट लिहा. फोनवरच्या तोंडी बोलण्यावर थांबू नका. उत्तरं जपून ठेवा, ती ज्या फोनवर आली तो फोनही. डिस्क मिळाली की अनुक्रमांकाचा फोटो काढा आणि स्वतः काही उघडून पाहण्याआधी ती डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. त्याच्याकडून लेखी अहवाल आणि बिल घ्या. नुकसान कमी करण्याचे वाजवी प्रयत्न तुम्ही केलेत का, हे भरपाई ठरवताना पाहिलं जातं (कलम 73).

आता त्या छापील ओळीचं. तुम्ही फक्त डिस्क बसवायला सांगितली असती, तर तिला बरंच वजन आलं असतं. इथे डेटा हलवणं हेच काम होतं आणि त्याचेच पैसे घेतले गेले. घेतलेलं काम अर्धवट करून तळाच्या ओळीकडे बोट दाखवणं ग्राहक आयोगापुढे टिकणं कठीण आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 प्रमाणे ही सेवेतली त्रुटी ठरू शकते. शिकवण्यांमुळे तुम्ही ‘व्यावसायिक’ ठरता, असा बचाव येईल. त्याला घाबरू नका. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी विकत घेतलेल्या वस्तूचा वापर कायद्याने व्यावसायिक मानलेला नाही आणि एसएसडी ही तुम्ही घेतलेली वस्तूच आहे. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे निभावलं नाही, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. एवढ्या छोट्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र रिकव्हरीचा खर्च मिळवणं तुलनेने सोपं आहे. फोटो गेल्याच्या दुःखाची रक्कम आयोग बेतानेच ठरवतो.

फौजदारी तक्रार आत्ताच नको. कुणी तुमचा खाजगी डेटा परवानगीशिवाय काढला किंवा अप्रामाणिक हेतूने पुसला असं दिसलं, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 ची कलमं 43 आणि 66 लागतील. ‘डिस्क भंगारात गेली’ असं उत्तर आलं, तर तेही लेखीच मागून घ्या. आणि डिस्क बाहेर आहे तोवर ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड आज रात्रीच बदला.