सासवडहून पाटपाण्यावर आलेल्या पणजोबांचा माग: माझा अनुभव

पणजोबांचा माग कसा काढायचा, हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. तुमचे पणजोबा सासवडहून गोदावरीच्या कालव्यावर बागायत करायला आले, दोन बायका, तेरा मुलं, शंभरी पार केली असं घरातले सांगतात आणि सातबाऱ्यावर मात्र थोरल्या मुलाशिवाय कोणाचाच पत्ता नाही. आमचे लोक दुसऱ्या कालव्यावर गेले, एवढाच फरक. बाकी ही आमच्याच घरची कथा आहे.

ऑनलाइन सातबारा, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) वगैरे तुम्ही काढलेच असतील, त्यात शिरत नाही.

पहिलं म्हणजे पणजोबांना जमीनमालक म्हणून शोधू नका. दारणा धरण १९१६ चं. नांदूर-मधमेश्वरहून निघणाऱ्या डाव्या-उजव्या कालव्यांमुळे कोपरगाव-राहाता पट्ट्यात पाणी आलं, पण तिथल्या जिरायतदारांना उसाचा सराव नव्हता आणि बेणं, खत, गुऱ्हाळ यांत घालायला पैसाही नव्हता. सासवडचे माळी तोवर नीरा डाव्या कालव्यावर, बारामतीकडे, ऊस आणि गुळात चांगले मुरले होते. त्यांनी इथे येऊन जमिनी खंडाने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने, केल्या. (याच समाजाच्या मंडळींनी १९३२ साली माळीनगरचा साखर कारखाना उभा केला, तोही सहकारी कारखाने निघायच्या कितीतरी आधी. याबद्दल फार कमी बोललं जातं.) म्हणून सुरुवातीच्या काळात ते सातबाऱ्याच्या कब्जेदार (मालक) सदरात दिसणारच नाहीत. वर्षाहून जास्त मुदतीचा खंडाचा कागद मात्र नोंदवावा लागायचा. दुय्यम निबंधकाकडे जुन्या सूच्या असतात, त्यांत नावाने शोधा. कागद सापडला तर त्यात बापाचं नाव, धंदा, मूळ गाव आणि ‘वय अजमासे’ असं सगळं एका ओळीत मिळतं. मजकूर मोडीत असेल, तर मोडी जाणणारा माणूस गाठा, अंदाजाने वाचू नका.

आता ज्या गोष्टीने आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं ती सांगतो. एका कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आम्ही जुने फेरफार आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, मागितली. खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, ‘तुमच्या गावाचं जुनं काही शिल्लक नाही.’ अर्ज घ्यायलाही तयार नव्हता. वरचे साहेब म्हणाले, तो सांगतोय तेच खरं. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. घरात सगळ्यांनी मान्य केलं की कागद गेले, विषय संपला. काही वर्षांनी एका निवृत्त तलाठी भाऊसाहेबांनी सहज विचारलं, गाव आधी कोणत्या तालुक्यात होतं? तालुका फोडला तेव्हा जुने गठ्ठे जुन्याच ठिकाणी राहिले होते. तिथे ते फडक्यात बांधलेले, व्यवस्थित, होते. दोन वाक्यांत सांगता आलं असतं, ‘इथे नाही, तिकडे विचारा.’ तेवढे कष्ट कोणी घेतले नाहीत. मधल्या काळात आजोबांची सगळ्यात धाकटी बहीण गेली. लहानपणी गेलेल्या भावंडांची नावं, कोण कोणत्या आईचं, हे फक्त तिलाच माहीत होतं. नोंदवहीत ‘मुलगा’, ‘मुलगी’ एवढंच लिहिलेलं असतं, कारण बारशाच्या आधीच वर्दी जायची. ती नावं आता कुठून आणायची? हे लिहितानाही मला संताप येतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की तोंडी उत्तर स्वीकारू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. घेत नसतील तर माहिती अधिकारात टाका. त्या कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज तिकडे पाठवणं त्यांचंच काम आहे. तुमचं गाव आज राहाता तालुक्यात असेल तर हा तालुका १९९९ चा आहे, त्याआधीचं सगळं प्रामुख्याने कोपरगावला विचारा.

थोरल्याचंच नाव का, तर त्याच्यापुढे ‘ए.कु.पु.’ लिहिलंय का बघा. एकत्र कुटुंब पुढारी. तेरा भावंडं असोत की तीन, नाव एकाचंच लागायचं. पणजोबा वारल्यानंतरचा मूळ फेरफार आणि गाव नमुना ६-क, म्हणजे वारसांच्या नोंदवहीतली, नोंद काढा, तिथे कधी कधी सगळे वारस लिहिलेले असतात. मुली बहुधा गाळलेल्या असतात, आणि दुसऱ्या बायकोची मुलंसुद्धा. जमिनीत हक्क मागायचा असेल तर चांगला वकील बघा, मी वकील नाही आणि माझ्या शब्दावर दावा लावू नका.

अशा कुटुंबाचा माग बायकांवरून जास्त लागतो असं मला वाटतं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे थोरल्या मुलांचे जन्म सासवडला किंवा आईच्या गावच्या नमुना १४ मध्ये असतात, कालव्यावरच्या गावात नाही. दोन्ही पणज्यांची माहेरं आधी शोधा. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात यातल्या बऱ्याच जुन्या वह्या स्कॅन झाल्या आहेत, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर जरूर बघा. त्र्यंबकच्या उपाध्यांकडे नामावळी (त्यांच्या वहीतली घराण्याची नावं) विचारायची तर मूळ गाव सासवड सांगा, आजचं गाव सांगून पान निघणार नाही.

वयाबद्दल राग मानू नका. आमच्याकडे पणजोबा एकशे पाच वर्षं जगले असं लहानपणापासून ऐकलं. खंडपत्रातलं वय आणि पुढच्या खरेदीखतातलं वय जुळवलं तर नव्वदीच्या थोडे पुढे निघतात. ‘अजमासे’ वयात पाच वर्षं इकडेतिकडे होतातच, म्हणून दोन-तीन कागद लावून बघा. शाळेच्या दाखल्यावरची १ जून ही जन्मतारीखही खरी धरू नका, ती बहुधा गुरुजींनी घातलेली असते. घरच्या म्हाताऱ्यांना साल विचारूच नका. जुना पुंड्या ऊस होता की ४१९ हा नवा वाण आला होता, इन्फ्लुएंझाच्या साथीआधी की नंतर, असं विचारलं की बरोबर सांगतात.

तुमच्या घरात त्या तेरांपैकी कोणी, किंवा त्यांची एखादी सून, हयात असेल तर कागद नंतर बघा. या आठवड्यातच जाऊन बसा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि गेलेल्या मुलांची नावं आधी विचारा. गावाचं नाव कळवलंत तर जुने गठ्ठे कुठे असतील ते मी माझ्या माहितीप्रमाणे सांगेन.