सीओपीडीत (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या फुप्फुसाच्या आजारात) बीपी नॉर्मल असूनही पाय का सुजतात?
दंडावरचं यंत्र फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब दाखवतच नाही, घोळ तिथेच होतो. सीओपीडीत जिथे ऑक्सिजन कमी पोचतो तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. वर्षानुवर्षं असं चाललं की त्यांच्या भिंती जाड होतात, हृदयाची उजवी बाजू थकते आणि रक्त मागे तुंबतं. मग मानेच्या शिरा फुगतात, घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्याच. स्वस्थ बसल्यावरही रक्तातला ऑक्सिजन सतत ८८ टक्के किंवा खाली असेल, तर डॉक्टर घरी रोज किमान १५ तास ऑक्सिजन सुचवतात. प्रवाह मात्र कृपा करून मनानं वाढवू नका. या आजारात ८८ ते ९२ पुरतं. जास्तीनं कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते.