सासूबाईंना तळघराआधी बाजाराची कल्पना दे

‘ताई, मी मूळची सांगलीची, लग्नानंतर अटलांटात. नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. त्यांच्या डीएनए चाचणीत घानाचा वाटा मोठा निघाला आणि तेव्हापासून “मला एकदा घरी जायचंय” हाच ध्यास घेतलाय. डिसेंबरमध्ये आम्ही सगळे घानाला जातोय. नवरा या विषयावर चकार शब्द काढत नाही. लेक पंधराची आहे, ती विचारते, “मी तिथे कोण म्हणून जाऊ?” माझी आई फोनवर म्हणते, असल्या जागी पोरीला कशाला नेतेस? आणि मला वाटतं, हे दुःख त्यांचं आहे, मी मागेच राहावं का?’

मागे राहू नकोस गं. त्या घरची सून आहेस, तिथल्या लेकीची आई आहेस. फक्त प्रवासाची सूत्रं सासूबाईंच्या हाती राहू देत. कुठे किती थांबायचं, कुठून परत फिरायचं, ते त्या ठरवतील.

आधी त्यांचा ध्यास नीट समजून घे. तुला सांगलीत कुणीही विचारलं, तर मूळ गाव, कुलदैवत सांगता येतं. त्यांच्या घराण्याचा कागद बहुधा १८७० पाशी अडत असेल. गुलामीतून सुटलेल्या बहुतेक माणसांची नावानिशी नोंद अमेरिकेच्या जनगणनेत पहिल्यांदा झाली ती त्या वर्षी. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत नाव असायचं मालकाचं, त्याखाली माणसांचं नुसतं वय, लिंग आणि रंग. डीएनए चाचणीही प्रदेशाचा अंदाज देते, गाव देत नाही. हे सासूबाईंना ठाऊक नसेल असं समजू नकोस. ठाऊक असूनही त्या ‘घरी’ म्हणतात. तिथे दुरुस्ती करायला जाऊ नकोस.

गुलामांना जहाजावर चढवण्याआधी जिथे कोंडून ठेवत, त्या किनाऱ्यावरच्या केप कोस्टच्या किल्ल्याची धास्ती सगळ्यांनाच असते, आणि ती खरीच आहे. पुरुषांना कोंडायची तळघरं, भिंतीत उंचावर हवेपुरती भोकं, जमिनीत घाण वाहून जाण्यासाठी कोरलेले पन्हळ. आणि त्याच तळघरांच्या डोक्यावर प्रार्थनेची जागा. बरेच गाईड आत दिवा मालवून काही क्षण उभं करतात. सासूबाईंना अंधार, कोंदटपणा सोसणार नसेल तर गाईडला आधीच सांगून ठेव. लेकीला मध्येच बाहेर यावंसं वाटलं तर तू तिच्याबरोबर बाहेर ये, ‘थांब, एवढं बघून घे’ म्हणू नकोस. फोन पिशवीत राहू देत.

पण मला खरी काळजी वाटते ती बाजाराची, कारण त्याची तयारी कुणी करून घेत नाही. आयुष्यभर अमेरिकेत ‘तुम्ही इथले नाही’ असं कधी उघड, कधी आडून ऐकलेली बाई तिथे उतरते, आणि रस्त्यावरची पोरं तिला गोऱ्या पर्यटकाला मारतात तीच परदेशी पाहुण्याची हाक मारतात. भाव डॉलर बघून सांगितला जातो. किल्ल्यातलं रडणं माणूस धरून चाललेला असतो, हा घाव मात्र बेसावध असताना बसतो. त्या पोरांच्या मनात काही वाईट नसतं, पण कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही. हे सासूबाईंच्या कानावर इथूनच घाल. तू सांगण्यापेक्षा जाऊन आलेल्या त्यांच्या चर्चमधल्या कुणी मैत्रिणीने सांगितलं तर जास्त बरं. त्याच बाजारात एखादी भाजीवाली त्यांचे पांढरे केस बघून आई म्हणून बोलावेल, बसायला स्टूल पुढे करेल, हेही सांग. तिथे वडीलधाऱ्यांना मान मोठा आहे. आपणहून नमस्कार-चमत्कार केल्याशिवाय कामाचं बोलू नये, आणि देणंघेणं उजव्या हाताने. हे तुला कुणी शिकवायला नको.

नवऱ्याला बोलतं करायला जाऊ नकोस. एकच गोष्ट मात्र निघायच्या आधी त्याच्या कानावर असू दे. किनाऱ्यापर्यंत माणसं धरून आणण्यात आणि विकण्यात तिथले काही राजे आणि व्यापारीही होते, आणि हे तो कदाचित घानाच्याच गाईडच्या तोंडून ऐकेल. त्याने युरोपीय कंपन्यांचा गुन्हा तसूभरही हलका होत नाही. पण तळघराच्या दारात हे पहिल्यांदा कानावर पडलं तर माणूस हादरतो. त्याच्यासाठी सुरुवात घानाच्या राजधानीत, अक्रात, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या घरापासून कर. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला हा कृष्णवर्णीय विद्वान नव्वदी उलटल्यावर घानात राहायला गेला आणि १९६३ मध्ये तिथेच वारला. समाधी तिथेच आहे. आपल्यासारखाच एक अमेरिकन आपणहून इथे आला होता, हे पाहणं किल्ल्याआधी घडावं असं मला फार वाटतं.

मग थेट किनारा गाठू नका, आधी आसिन मान्सो करा. किनाऱ्याकडे चालवत आणलेल्या माणसांना तिथल्या नदीत शेवटची अंघोळ घालत. १९९८ मध्ये अमेरिका आणि जमैकातून दोन गुलाम पूर्वजांचे अवशेष आणून तिथे पुरले आहेत. पूर्वजांसाठी जमिनीवर धार सोडायची रीत घानातही आहे. सासूबाईंना १८७० पासूनची जेवढी नावं ठाऊक आहेत, तेवढी लेकीच्या हाताने एका वहीत लिहून घे आणि नदीकाठी त्यांना वाचू दे. तुला तर्पण ठाऊक आहे, तेव्हा त्या वेळी काय करायचं ते मी सांगायला नको. तुझ्या आईलाही हेच सांग, की नात पितरांना पाणी द्यायला चाललीय. पुढचं त्या समजतील.

लेकीच्या प्रश्नाला आज उत्तर देऊ नकोस. तिला एवढंच सांग, की घानातल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव असतं. गुरुवारी जन्मलेली मुलगी ‘या’, शुक्रवारची ‘अफुआ’. त्याला वंशावळ लागत नाही. आपला वार तिचा तिला शोधू दे. हवं तर ते नाव ती घेईल, नको असेल तर सोडेल. तिचं सांगलीचं आजोळ त्याने कुठे जात नाही.

किल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नका. तो दिवस परतीच्या विमानाचा तर अजिबात नको. कुणी दिवसभर झोपेल, कुणी समुद्राकडे बघत बसेल, सासूबाई कदाचित खळखळून हसतीलही. कुणी कसं वागावं यावर घरात शेरा नको. परतल्यावर शेजारीपाजारी ‘ट्रिप कशी झाली’ विचारतील, तेव्हा उत्तर त्यांनाच देऊ दे.

आणि एक निकडीचं. घानात शिरताना यलो फीवरच्या लशीचा दाखला लागतो, तो लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतो. साठीपुढच्या माणसांना ती लस डॉक्टरांचा सल्ला घेऊनच देतात. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचार. सासूबाईंची अपॉइंटमेंट या आठवड्यातच घे, डिसेंबरवर सोडू नकोस.