पीडीएफ पुढच्या पिढीला उघडेल का?

प्रश्न: आमच्या देवस्थानाची २००३ची स्मरणिका पीडीएफमध्ये आहे, दिसते झकास, पण मजकूर कॉपी केला की नुसतं एबीसीडीचं कडबोळं येतं. पोरांना तरी वाचता येईल ना ती पुढे?
– एक वाचक, देवगड

उत्तर: उघडेल हो, त्याची काळजी नको. अडोबीने १९९३ला पीडीएफ आणली, २००८ला ती आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड झाली, म्हणजे आता एका कंपनीच्या मर्जीवर नाही.

तुमचं दुखणं फॉन्टचं आहे. तेव्हाचे बरेच डीटीपीवाले युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड देणारी पद्धत) वापरायचेच नाहीत, इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचा आकार बसवलेला असायचा, आणि पीडीएफ तो फॉन्ट पोटात घेऊन फिरते म्हणून पान मस्त दिसतं पण कॉपी केलं की खालचा इंग्रजी कोड बाहेर पडतो. सर्चही होत नाही मग, 'पालखी' टाका, काही सापडणार नाही. त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर मिळाला तर उत्तम, नाहीतर मराठी ओसीआर करा, म्हणजे पानाच्या चित्रावरून सॉफ्टवेअर अक्षरं ओळखून मजकूर बनवतं, त्यासाठीचं टेसरॅक्ट फुकट आहे, फक्त रफार आणि जोडाक्षरं कुणाला तरी बसून तपासावी लागतील, हे काम कंटाळवाणं आहे, सांगून ठेवतो. मग पीडीएफ-ए म्हणून सेव्ह करा, हा २००५चा प्रकार खास जपणुकीसाठीच, फॉन्ट आत पाहिजेच आणि पासवर्ड चालत नाही.

पुढचा जमाना टॅग असलेल्या पीडीएफचा, मथळा कुठला परिच्छेद कुठला हे फाईललाच कळतं, त्यामुळे अंधांना स्क्रीन रीडरवर नीट ऐकता येतं. जुनी फाईल मात्र डिलीट करू नका, मूळ मांडणी आणि फोटो त्यातच आहेत.